कंपनीचे आर्थिक अहवाल वाचायला शिकताना: नवख्यांनी सुरुवात कुठून करायची

कंपनीचा ॲन्युअल रिपोर्ट पहिल्यांदा उघडला की दोनशे-तीनशे पानं समोर येतात, सुरुवातीची बरीचशी पानं फोटो, अध्यक्षांचं पत्र आणि पुढच्या दहा वर्षांच्या योजना, आणि मग एकदम बारीक अक्षरातले तक्ते सुरू होतात. बहुतेक जण तिथेच फाइल बंद करतात. पण कॉमर्स शिकलेलं नसलं तरी हे तक्ते नक्की वाचता येतात, लागणारं गणित म्हणजे बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि टक्केवारी, बस. खरं कौशल्य वेगळंच आहे, एका तक्त्यातला आकडा धरायचा आणि दुसऱ्या तक्त्यात त्याचं पुढे काय झालं ते शोधायचं. नफा किती झाला हे सगळेच बघतात. तो नफा गेला कुठे, बँकेत आला, गिऱ्हाइकांकडे उधारीत अडकला, गोदामात माल होऊन पडलाय की कर्ज फेडण्यात गेला, हे बघायची सवय लागली की मग अहवाल तुमच्याशी बोलायला लागतो. हा सगळा लेख त्या एका सवयीबद्दलच आहे.

आधी कंपनी निवडा, आणि सोपी निवडा

सरावासाठी बँक, विमा कंपनी, एनबीएफसी (म्हणजे बँक नसलेली पण कर्ज देणारी वित्त कंपनी) किंवा बिल्डर कंपनी घेऊ नका. बँकेसाठी कर्ज हाच कच्चा माल असतो, ठेवी ही देणी असतात, दिलेली कर्जं ही मालमत्ता असते, त्यामुळे तिचे तक्ते वेगळ्याच पद्धतीने वाचावे लागतात. पहिल्यांदा अशी कंपनी घ्या जी एखादी वस्तू बनवते आणि विकते, आणि ती वस्तू काय आहे हे तुम्हाला कोणी न सांगता कळतं. साबण, सायकल, टायर, रंग, काहीही चालेल.

अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर इन्व्हेस्टर रिलेशन्स नावाच्या भागात मिळतात, लिस्टेड कंपनी (जिचे शेअर्स शेअर बाजारात खरेदी-विक्री होतात) असेल तर स्टॉक एक्स्चेंजच्या साइटवरही असतात. अमेरिकन कंपनी असेल तर तिथल्या नियामकाच्या एडगर नावाच्या साइटवर टेन-के नावाचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. कमीत कमी पाच वर्षांचे डाउनलोड करा. आयते आकडे देणाऱ्या साइट्स आहेत, ॲप्स आहेत, त्या नंतर वापरा हवं तर, पण शिकताना मूळ अहवालच उघडा, कारण त्या साइट्स आकडे आपल्या साच्यात बसवतात आणि तुम्हाला ज्या नोट्स (तक्त्यांमधल्या आकड्यांचा खुलासा करणाऱ्या तळटिपा) वाचायला शिकायचंय त्या तिथे नसतातच. शिवाय मूळ अहवाल हाताशी असले की अजून एक गोष्ट तपासता येते, मागच्या वर्षीच्या अहवालात मागच्या वर्षाचा जो आकडा होता तोच यंदाच्या अहवालातल्या मागच्या वर्षाच्या रकान्यात आहे का. बदलला असेल तर का बदलला ते नोट्समध्ये लिहिलेलं असलं पाहिजे.

वाचायच्या आधी चार गोष्टी बघून घ्या

एक, स्टँडअलोन की कन्सॉलिडेटेड. स्टँडअलोन म्हणजे फक्त मूळ कंपनी, कन्सॉलिडेटेड म्हणजे तिच्या सगळ्या उपकंपन्यांसकट. तुम्ही कन्सॉलिडेटेड वाचा. कर्ज उपकंपनीत आणि नफा मूळ कंपनीत असं चित्र असू शकतं आणि नुसतं स्टँडअलोन वाचलं तर ते दिसणारच नाही.

दोन, आकडे कशात आहेत, हजारात, लाखात, दशलक्षात की कोटीत, हे तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक लिहिलेलं असतं. तीन, वर्ष कधी संपतं, कोणाचं मार्चला, कोणाचं डिसेंबरला, दोन कंपन्यांची तुलना करताना हे महत्त्वाचं. चार, कंसातला आकडा म्हणजे वजा. हे माहीत नसल्यामुळे तोट्यातली कंपनी नफ्यात वाटू शकते.

आणि हो, अकाउंटिंगचे नियम कुठले लागू आहेत तेही बघा. 140 हून जास्त देशांत किंवा प्रदेशांत आयएफआरएस नावाचे आंतरराष्ट्रीय नियम बंधनकारक आहेत, अमेरिकेत यूएस गॅप चालतं, भारतातले इंड-एएस हे आयएफआरएसच्या बरेच जवळ आहेत. फरक कधीकधी मोठा पडतो. उदाहरणार्थ मालाच्या साठ्याची किंमत काढताना शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायची पद्धत, जिला लायफो म्हणतात, ती यूएस गॅपमध्ये चालते पण आयएफआरएसमध्ये चालत नाही. महागाईच्या काळात लायफो वापरणाऱ्या कंपनीचा नफा कमी दिसतो, म्हणून दोन देशांतल्या दोन कंपन्या शेजारी ठेवताना हे डोक्यात असू द्या.

पहिली पायरी: ऑडिटरचा रिपोर्ट

बहुतेक लोक हा शेवटी वाचतात किंवा वाचतच नाहीत, मी सांगेन सगळ्यात आधी हाच वाचा, चार-सहा पानांचा तर असतो. ऑडिटरचं मत चार प्रकारचं असतं. स्वच्छ मत म्हणजे हिशोब सर्व महत्त्वाच्या बाबतीत योग्य चित्र देतात. क्वालिफाइड म्हणजे अमुक एक मुद्दा सोडून बाकी ठीक. ॲडव्हर्स म्हणजे हे हिशोब योग्य चित्र देतच नाहीत. आणि डिस्क्लेमर म्हणजे आम्हाला पुरेसा पुरावाच मिळाला नाही, मत देऊ शकत नाही. शेवटचे दोन दिसले तर नवख्या माणसाने ती कंपनी बाजूला ठेवून दुसरी घ्यावी, सराव करायचा तो चांगल्या कागदांवर.

स्वच्छ मत असलं तरी खाली दोन गोष्टी शोधा. गोइंग कन्सर्नबद्दल काही लिहिलंय का, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील की नाही यावर शंका व्यक्त केलीय का. आणि की ऑडिट मॅटर्स, म्हणजे ऑडिटरला सगळ्यात जास्त डोकं कुठे लावावं लागलं ते मुद्दे. आंतरराष्ट्रीय ऑडिट नियमांनुसार लिस्टेड कंपन्यांसाठी हा भाग 2016 च्या अखेरीपासून आला आणि नवख्यांसाठी तो वरदान आहे, कारण या कंपनीच्या हिशोबात अंदाज आणि मतं कुठे जास्त घुसलीत ते ऑडिटर स्वतःच बोट ठेवून सांगतो. विक्री कधी धरली, गुडविलची किंमत टिकून आहे का, कोर्टात अडकलेले टॅक्सचे दावे, असे विषय तिथे असतात. ते वहीत लिहून ठेवा, पुढे नोट्स वाचताना थेट तिथेच जायचं.

दुसरी पायरी: ताळेबंद

ताळेबंद म्हणजे एका ठरावीक दिवशी कंपनीकडे काय आहे आणि ते कोणाच्या पैशातून आलंय. एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी आणि भागधारकांचा हिस्सा, दोन्ही बेरजा सारख्या. ही दुहेरी नोंदीची पद्धत व्यापारी आधीपासून वापरत होतेच, 1494 मध्ये व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या गणितज्ञ साधूने ती छापील पुस्तकात मांडली आणि आजही प्रत्येक कंपनी त्याच पायावर हिशोब ठेवते. या समान बेरजेचा अर्थ इतकाच की प्रत्येक पैशाला उगम आहे आणि ठिकाण आहे, त्यामुळे एक आकडा हलला की दुसरा कुठेतरी हललाच पाहिजे. तो दुसरा कुठला हे शोधायचं.

मालमत्तेत बघायचं ते असं: कारखाना-मशिनरी, मालाचा साठा, गिऱ्हाइकांकडून येणी, रोख आणि बँक शिल्लक, आणि गुडविल. गुडविल नवख्यांना कळत नाही, तर समजा एका कंपनीने दुसरी कंपनी 500 ला विकत घेतली आणि तिच्या मालमत्तेतून देणी वजा करून खरी किंमत 200 निघत होती, तर वरचे 300 हे गुडविल म्हणून ताळेबंदात बसतात. म्हणजे ते हाताला लागणारं काही नाही, भविष्यात फायदा होईल या अपेक्षेने मोजलेली जास्तीची किंमत आहे. अपेक्षा फसली की ती खोडावी लागते. क्राफ्ट हाइन्झ या अमेरिकन खाद्यपदार्थ कंपनीने फेब्रुवारी 2019 मध्ये गुडविल आणि ब्रँड्सची किंमत मिळून सुमारे 15.4 अब्ज डॉलर एका झटक्यात कमी केले. म्हणून मालमत्तेत गुडविलचा वाटा मोठा असेल तर थांबा, कुठली कंपनी कितीला घेतली ते नोट्समध्ये शोधा.

देण्यांच्या बाजूला कर्ज बघा, आणि त्यातलं किती एका वर्षाच्या आत फेडायचंय ते बघा. एकूण कर्ज कमी पण सगळं पुढच्या आठ महिन्यांत फेडायचंय अशी कंपनी जास्त अडचणीत असू शकते. मग भागधारकांचा हिस्सा, त्यात सुरुवातीचं भांडवल आणि वर्षानुवर्षं साठवलेला नफा. हा साठलेला नफा म्हणजे तिजोरीत पडलेले पैसे असं समजू नका, तो कधीच मशिनरीत, मालात, उधारीत गेलेला असतो, कुठे गेला ते मालमत्तेच्या बाजूला लिहिलेलं आहे.

तिसरी पायरी: नफा-तोटा पत्रक

वरून खाली या. सगळ्यात वर विक्री. त्यातून मालाचा खर्च वजा केला की ग्रॉस प्रॉफिट, मग पगार, जाहिरात, भाडं, घसारा वगैरे वजा केलं की धंद्यातला नफा, मग व्याज, मग टॅक्स, आणि तळाला निव्वळ नफा. लोक थेट तळाला जातात, तुम्ही मधल्या ओळींवर रेंगाळा. तळाचा आकडा एखादी जमीन विकून, एखादी जुनी गुंतवणूक विकून किंवा टॅक्सचा परतावा मिळून वाढलेला असू शकतो. इतर उत्पन्न आणि एक्सेप्शनल आयटम या दोन ओळी बाजूला काढून नफा पुन्हा मोजा, धंद्याची खरी कमाई तेव्हा दिसते. आणि जी कंपनी दरवर्षी काही ना काही खर्च एकदाच होणारा असाधारण खर्च म्हणून दाखवते, तिचा तो खर्च नेहमीचाच धरा.

घसारा नीट समजून घ्या, इथे खूप जण अडखळतात. 100 ला मशीन घेतलं, दहा वर्षं चालेल असं धरलं, तर दरवर्षी 10 खर्च दाखवायचा. पैसे पहिल्याच वर्षी गेले, खर्च मात्र दहा वर्षं दिसत राहतो. आता दहाऐवजी वीस वर्षं चालेल असं कंपनीने ठरवलं तर वर्षाचा खर्च 5 वर येतो आणि नफा आपोआप वाढतो, एक वस्तूही जास्त न विकता. हे बेकायदा नाही आणि कधी ते योग्यही असतं. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटने 2023 पासून सर्व्हरचं आयुष्य 4 वरून 6 वर्षं धरलं, त्यामुळे त्या वर्षीचा घसारा 3 अब्ज डॉलरहून जास्त कमी झाला, आणि कंपनीने ते अहवालात स्पष्ट लिहिलंही. पण जो फक्त नफ्याची ओळ बघतो त्याला हे कधीच कळणार नाही.

एबिटडा हा शब्द तुम्हाला सगळीकडे दिसेल, व्याज, टॅक्स आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. माझं मत विचाराल तर नवख्यांनी त्यावर फार विसंबू नये, कारण मशीन खरंच झिजतं आणि नवं घ्यायला खरेच पैसे लागतात. शिवाय 1 जानेवारी 2019 पासून आयएफआरएसमध्ये भाड्याचा नियम बदलला, भाड्याने घेतलेली दुकानं, विमानं वगैरे बहुतांश ताळेबंदात यायला लागली आणि भाड्याचा खर्च घसारा आणि व्याज अशा दोन भागांत गेला, म्हणजे धंदा तोच, पण एबिटडा एकदम वर. साखळी दुकानं आणि विमान कंपन्यांचे 2018 आणि 2019 चे आकडे शेजारी ठेवून प्रगती झाली म्हणणं त्यामुळेच चुकीचं ठरतं.

चौथी पायरी: कॅश फ्लो, आणि तिन्ही तक्ते एकत्र

कॅश फ्लोचे तीन भाग असतात, धंद्यातून आलेली रोख, गुंतवणुकीत गेलेली रोख, आणि कर्ज, भांडवल, डिव्हिडंड (भागधारकांना वाटलेला नफा) यातून आली-गेलेली रोख. पहिला भाग बहुतेक वेळा नफ्यापासून सुरू होतो, काही कंपन्या टॅक्सआधीच्या नफ्यापासून सुरू करून टॅक्स नंतर वजा करतात, आणि मग त्यात बदल करत करत रोखीपर्यंत येतो. या बदलांच्या ओळी म्हणजेच नफा कुठे गेला याचं उत्तर.

आता हे हातात पेन घेऊन माझ्याबरोबर करा. एक काल्पनिक कंपनी. मागच्या वर्षी विक्री 1000, निव्वळ नफा 80. यंदा विक्री 1200, नफा 110. विक्री 20 टक्के वाढली, नफा साडेसदतीस टक्के. बातमीत एवढंच येईल आणि सगळे खूश होतील.

ताळेबंद उघडा. मागच्या वर्षी मशिनरी 400, येणी 150, साठा 120, रोख 50, एकूण 720. समोर पुरवठादारांची देणी 90, कर्ज 200, भागधारकांचा हिस्सा 430, एकूण 720. यंदा मशिनरी 420, येणी 270, साठा 170, रोख 50, एकूण 910. समोर देणी 100, कर्ज 290, हिस्सा 520, एकूण 910. रोख होती तेवढीच आहे, म्हणजे वरवर काही बिघडलेलं दिसत नाही.

आता कॅश फ्लो स्वतः बांधा. नफा 110. घसारा 40 धरा, तो खर्च दाखवला पण यंदा पैसे गेले नाहीत, म्हणून परत मिळवा, झाले 150. येणी 120 ने वाढली, म्हणजे तेवढी विक्री दाखवली पण पैसे आलेच नाहीत, वजा करा, उरले 30. साठा 50 ने वाढला, तो माल बनवायला पैसे गेले, वजा करा, उणे 20. पुरवठादारांचे 10 जास्त थकवले, तेवढे हातात राहिले, मिळवा, उणे 10. म्हणजे 110 नफा दाखवणाऱ्या कंपनीच्या धंद्यातून वर्षभरात रोख आलीच नाही, उलट 10 बाहेर गेली. त्यावर 60 ची नवी मशिनरी घेतली, ती 400 वरून घसारा जाऊन 420 कशी झाली ते जुळवून बघा. 20 डिव्हिडंड वाटला. एकूण 90 कमी पडले, आणि कर्ज बरोबर 90 ने वाढलंय. म्हणजे मशिनरी आणि डिव्हिडंड दोन्ही उसन्या पैशातून झालंय, आणि धंद्यातली तूटही त्यातूनच भरलीय.

ही आकडेमोड एकदा स्वतःच्या हाताने केली की तिन्ही तक्ते वेगळे नाहीत हे पक्कं बसतं. भागधारकांचा हिस्सा 430 होता, त्यात नफा 110 आला, डिव्हिडंड 20 गेला, 520. नफा-तोटा पत्रकातला तळाचा आकडा असा ताळेबंदात जाऊन बसतो.

आता याच कंपनीचे लोकप्रिय रेशो, म्हणजे दोन आकड्यांची गुणोत्तरं, काढा आणि गंमत बघा. आरओई, म्हणजे निव्वळ नफा भागिले भागधारकांचा हिस्सा, 18.6 टक्क्यांवरून 21.2 टक्क्यांवर गेला, सुधारला. नफ्याचं मार्जिन, म्हणजे निव्वळ नफा भागिले विक्री, 8 वरून 9.2 टक्के, सुधारलं. पण उधारी वसूल व्हायला लागणारे दिवस, म्हणजे येणी भागिले विक्री गुणिले 365, ते 55 वरून 82 झाले. विक्री 20 टक्के वाढताना येणी 80 टक्के वाढली. म्हणजे कदाचित माल खपत नाही म्हणून लांबच्या उधारीवर विकला, कदाचित वर्ष संपता संपता डीलरांच्या गळ्यात माल मारला, किंवा कदाचित एखादं मोठं सरकारी गिऱ्हाईक मिळालं जे उशिरा पण नक्की पैसे देतं. आकडा उत्तर देत नाही, पण नेमका प्रश्न हातात देतो. उत्तर नोट्समध्ये शोधायचं.

एका वर्षाच्या उणे आकड्यावरून लगेच निकाल लावू नका मात्र. वेगाने वाढणाऱ्या कंपनीत रोख अडकतेच. पाच वर्षांचा निव्वळ नफा एकत्र मिळवा, पाच वर्षांची धंद्यातून आलेली रोख एकत्र मिळवा, आणि शेजारी ठेवा. वस्तू बनवणाऱ्या ठीकठाक कंपनीत घसारा परत मिळवला जात असल्यामुळे रोखीचा आकडा साधारण नफ्याएवढा किंवा जास्त असतो. सतत बराच कमी असेल तर कारण सापडेपर्यंत सोडू नका.

नोट्स वाचणं, जे सगळ्यात महत्त्वाचं आहे

तक्ते मिळून पाच-सहा पानं, नोट्स शंभर पानं, आणि खरा ऐवज तिथेच असतो. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. विक्री कधी धरतात ती नोट आधी वाचा, माल निघाल्यावर, पोचल्यावर की काम होईल तसं. मग येणी किती जुनी आहेत याची वर्गवारी मिळाली तर ती, सहा महिन्यांहून जुनी रक्कम वाढतेय का. मग कर्जाची मुदत आणि व्याजदर. मग संभाव्य देणी, म्हणजे कोर्टातले दावे, टॅक्सचे वाद, दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमी, यातल्या बऱ्याच रकमा ताळेबंदात दिसतच नाहीत, फक्त इथे लिहिलेल्या असतात. शेअर्सची संख्या वाढतेय का तेही बघा, नफा दुप्पट झाला पण शेअर्सही दुप्पट झाले तर तुमच्या एका शेअरच्या वाट्याला काहीच वाढलं नाही.

रिलेटेड पार्टी व्यवहारांची नोट तर ओळ न ओळ वाचा. मालक, संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या इतर कंपन्या यांच्याशी काय देणंघेणं झालं ते तिथे असतं. एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली, तिने कर्ज आणि तोटा बाजूला काढलेल्या कंपन्यांत लपवला होता आणि त्यातल्या काही कंपन्या तिचाच वित्तप्रमुख चालवत होता, त्याचे धागे आधीच्या अहवालांतल्या रिलेटेड पार्टीच्या नोटमध्ये होते, पण इतक्या किचकट भाषेत की फार थोड्यांनी ते ओढून बघितले. यावरून माझा एक नियम, नोट तीनदा शांतपणे वाचूनही व्यवहाराचा हेतू कळत नसेल तर दोष स्वतःकडे घेऊ नका, ती कंपनीबद्दलचीच एक माहिती समजा.

रोखीचा आकडाही तपासायचा असतो

कॅश फ्लो शिकलं की लोकांना वाटतं रोख खोटी बोलत नाही. बोलू शकते. वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिकॉम कंपनीने 2002 मध्ये उघड झालेल्या घोटाळ्यात रोजचे नेटवर्कचे खर्च मालमत्ता म्हणून नोंदवले होते, त्यामुळे नफा तर फुगलाच, पण ते पैसे कॅश फ्लोमध्ये धंद्याच्या भागातून उठून गुंतवणुकीच्या भागात गेले आणि धंद्यातून येणारी रोखही छान दिसायला लागली. यावर उपाय सोपा, धंद्यातून आलेली रोख वजा मशिनरी वगैरेवरचा खर्च असा फ्री कॅश फ्लो काढा, खर्च इकडून तिकडे हलवला तरी हा आकडा बदलत नाही.

सत्यम या भारतीय आयटी कंपनीत तर बँक शिल्लकच खोटी होती, 7 जानेवारी 2009 च्या पत्रात अध्यक्षांनी 5,040 कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचं कबूल केलं. वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीत जून 2020 ला 1.9 अब्ज युरो असेच गायब निघाले. बाहेर बसून आपण बँकेचं खातं तपासू शकत नाही, पण दोन सोपे भागाकार करू शकतो. मिळालेलं व्याज भागिले सरासरी रोख शिल्लक, तो दर त्या काळातल्या साध्या ठेवीच्या दरापेक्षा फारच कमी येतोय का. आणि एवढी रोख पडून असताना कंपनी जास्त व्याजाने कर्ज का घेतेय. दोन्हीची साधी कारणं असू शकतात, रोख दुसऱ्या देशातल्या उपकंपनीत असेल किंवा वर्षभर कमी राहून फक्त शेवटच्या दिवशी जास्त असेल, पण कारण अहवालात दिसायला हवं.

रेशो थोडेच ठेवा

इंटरनेटवर पन्नास रेशोंच्या याद्या मिळतील, सुरुवातीला त्यांची काही गरज नाही. ग्रॉस मार्जिन, धंद्याच्या नफ्याचं मार्जिन, उधारीचे दिवस, साठ्याचे दिवस (साठा भागिले मालाचा खर्च गुणिले 365), कर्ज भागिले भागधारकांचा हिस्सा, धंद्याचा नफा भागिले व्याज, आणि आरओई, एवढे पुरतात. आरओई मात्र फोडून बघा, मार्जिन गुणिले विक्री भागिले मालमत्ता गुणिले मालमत्ता भागिले हिस्सा. ड्यूपाँ कंपनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत वापरात आली म्हणून तिला ड्यूपाँ विश्लेषण म्हणतात. वरच्या कंपनीत हे 9.17 टक्के गुणिले 1.32 गुणिले 1.75 असं येतं. मागच्या वर्षी 8 टक्के, 1.39 आणि 1.67 होतं. म्हणजे आरओई वाढला तो काही मार्जिनमुळे आणि काही उसन्या पैशामुळे, मालमत्तेचा वापर उलट घटला.

कुठलाही रेशो एकटा चांगला किंवा वाईट नसतो. रोखीने विकणाऱ्या साखळी दुकानाची येणी जवळपास शून्य असतात आणि पुरवठादारांची देणी भरपूर, तिथे ते नॉर्मल आहे. मोठ्या यंत्रांच्या ऑर्डर घेणाऱ्या कंपनीत उधारी महिनोन्महिने चालते, तिथे तेही नॉर्मल. म्हणून त्याच कंपनीची पाच वर्षं आणि त्याच धंद्यातल्या दोन-तीन कंपन्या, एवढीच तुलना करा.

रोजचा सराव कसा करायचा

एक स्प्रेडशीट घ्या, पाच रकाने पाच वर्षांचे. आकडे कॉपी-पेस्ट न करता स्वतः टाइप करा, वेळ लागतो पण टाइप करतानाच एखादी ओळ अचानक उडी मारताना दिसते. मग दुसऱ्या शीटमध्ये नफा-तोटा पत्रकाची प्रत्येक ओळ विक्रीच्या टक्केवारीत आणि ताळेबंदाची प्रत्येक ओळ एकूण मालमत्तेच्या टक्केवारीत मांडा. कंपनी मोठी होताना सगळेच आकडे वाढतात, टक्केवारीत मात्र खरा बदल उघडा पडतो.

मग प्रश्न लिहा, पाच-सात पुरे. साठा विक्रीपेक्षा जास्त का वाढला, टॅक्सचा दर अचानक कमी का झाला, ऑडिटर मुदतीआधी का बदलला, असे. प्रत्येकापुढे नोटचा नंबर आणि सापडलेलं उत्तर लिहा, सापडलं नाही तर जागा रिकामी ठेवा. बऱ्याच कंपन्या विश्लेषकांबरोबरच्या कॉन्फरन्स कॉलचं लेखी रूप साइटवर टाकतात, तुमचे रिकामे प्रश्न तिथे कोणीतरी विचारलेले सापडू शकतात, आणि व्यवस्थापन सरळ उत्तर देतंय की विषय बदलतंय तेही कळतं.

हे सगळं होईपर्यंत शेअरचा भाव बघू नका, भाव वर गेलेला दिसला की मन प्रत्येक आकड्याला चांगली कारणं शोधायला लागतं. एक कंपनी अशी पूर्ण झाली की त्याच धंद्यातली दुसरी घ्या, ती निम्म्या वेळात होते, कारण धंद्याचे नॉर्मल आकडे आता तुम्हाला माहीत असतात. तिमाही निकाल त्यानंतर वाचायला घ्या, ते बरेचदा ऑडिट न झालेले असतात आणि कित्येक ठिकाणी प्रत्येक तिमाहीला ताळेबंद आणि कॅश फ्लो दिलेलाच नसतो, त्यामुळे येणी आणि साठा तपासायला सहामाही किंवा वार्षिक आकड्यांची वाट बघावी लागते.